सांधलेला ताणा

१

लोधीखेड्यात आता दोनच माग उरले. एक उत्तमभाऊंचा, तो उत्तमभाऊंच्या कमरेसोबत वर्षातले सहा महिने आजारी असते. दुसरा आमचा. बाकी कोष्ट्यांची पोरं कोणी सौंसरले दुकानात लागली, कोणी नागपूरले कंपनीत, अन् त्यांच्या घरातले खड्डे बुजवून वर टाइल बसली.

आमचा माग खड्ड्याचा आहे. समोरच्या खोलीत जमिनीत मांडीइतका खोल खड्डा. काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे. खाली लाकडाच्या दोन पावड्या. डावी दाबली की ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, अर्धे धागे वर जातात, उजवी दाबली की उरलेले. मधातून आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडं फेकायचा, फणी ओढून ठोका द्यायचा. एक धागा झाला. असे हजारो झाले की एक लुगडं. वरचं सगळं दिसते, खड्ड्यातलं काही दिसत नाही, अन् पाहायची गरजही पडत नाही. पाय आपलं काम जाणतात.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून साहेब लोक बायकापोरं घेऊन हातमाग पाहायले येतात. एक बाई मले म्हणे, "मावशी, खड्ड्यात काही चावत नाही का हो?" मी म्हटलं, "चावते ना. एक विंचू पाळला आहे, शनिवारी दूध पाजते त्याले." बिचारी जी दारात जाऊन उभी राहिली, ती आत आलीच नाही. हे यासाठी सांगून राहिली, की मी भिणाऱ्यातली बाई नव्हती.

माग तसा माझा नाही. माझ्या थोरल्या जावेचा, अंबाबाईंचा. मी नुसतं बाई म्हणून हाक मारे. दोघींचेही मालक लवकर गेले. बाईंले मूल नाही, मले एक उर्वशी. दोन बाया, एक माग अन् एक पोरगी, एवढं आमचं घर. बाई विणायच्या, मी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. माझ्या विणण्याबद्दल बाईंचं मत काही चांगलं नव्हतं. "जयवंता, तुझं कापड पीठ चाळायच्या कामाचं," असं चारचौघात म्हणायच्या. पण उर्वशीवर भारी जीव. ती त्यांले मोठीआई म्हणे. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून तिले मांडीवर घेऊन खड्ड्यात बसायच्या. पोरीचे पाय पावड्यांपर्यंत पुरायचे नाहीत, म्हणून तिचे तळपाय आपल्या पायांवर ठेवून घ्यायच्या अन् डावा-उजवा चालवायच्या. पोरगी खिदळायची. मले तेव्हा हेवा वाटे, खोटं कायले सांगू.

२

होळीनंतर बाई गेल्या. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. मागावर लुगडं अर्धं होतं.

आमच्यात ताणा फणीतून कधी पूर्ण काढत नाही. लुगडी उतरली की वीतभर शेपूट तसंच फणीत ठेवायचं, अन् नव्या ताण्याचा एकेक धागा त्या शेपटाच्या एकेक धाग्याले सांधायचा. बोटाले राख लावायची, दोन टोकं चिमटीत धरून पीळ द्यायचा, गाठ बसते. अठराशे धागे, अठराशे गाठी. दीड-दोन दिवसांचं काम. शेपूट नसलं तर अठराशे धागे फणीच्या घरांतून नव्यानं ओवावे लागतात. त्याले सहा दिवस पाहिजेत अन् तरणे डोळे पाहिजेत.

पण विणणारं माणूस ताणा मधात टाकून गेलं, तर त्याच्या शेपटाले सांधत नाही. ते काढून नदीत सोडायचं अन् फणी रिकामी करून पहिल्यापासून ओवायचं. काहून, ते मले कोणी सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही. सुतकात डोक्याले तेल लावत नाही, तशातलंच काही असेल असं मी समजायची.

उर्वशी तेव्हा नर्सिंगचं शिकून घरी आली होती. नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती, एक जुलैले हजर व्हायचं होतं. तिनं त्यासाठी चार वर्षं जीव काढला. मीच तिले म्हणत आली की पोरी, तू या खड्ड्यातून निघ. अन् आता ती खरंच निघाली, तर मीच एकेक दिवस मोजायले लागली. मे महिन्यात मी म्हटलं, "उर्वशी, जायच्या आधी माझ्यासाठी एक ताणा विणून दे. चार लुगडी. बाईंचा हात तुझ्यात आहे, माझ्यात तर चाळणी." ती हसली अन् हो म्हणाली.

चार लुगड्यांले महिना-दीड महिना लागते. ओवण्यात सहा दिवस गेले तर चौथं राहून जाईल, अन् माझ्या डोळ्याले आता सुईचं नेढं दिसत नाही. उर्वशी कागदपत्रांसाठी दोन दिवस छिंदवाड्याले गेली होती. तेवढ्यात मी बाईंचं अर्धं लुगडं कापून पेटीत ठेवलं, अन् फणीतल्या त्यांच्या शेपटाले नवा ताणा सांधून टाकला. पोरीले खोटंच सांगितलं, की बाईंचं शेपूट नदीत सोडलं अन् उत्तमभाऊंकडून शेपटासकट फणी मागून आणली. खरं सांगितलं असतं तर तिनं सांधू दिलं नसतं, अन् मले तर तिच्यासोबतचा एक दिवसही कमी करायचा नव्हता.

३

सांधलेल्या ताण्यावर पहिला दिवस गाठींचा असते. गाठी फणीतून हळूहळू ओढाव्या लागतात, पाच-पन्नास तुटतात, त्या पुन्हा सांधा, पुन्हा ओढा. उर्वशी सकाळी मागावर बसली तशी मी राखेची वाटी घेऊन तिच्या बाजूले बसली.

अकरा वाजले. वाटीतल्या राखेले बोट लावायची वेळ आली नाही.

"आई, गाठी कुठं आहेत?"

"येतील ना."

"हातभर विणून झालं."

मी चष्मा लावून वाकली. कापडावरून बोट फिरवलं, सपाट. ताण्यावर हात ठेवून चाचपत थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेली. एकेक धागा सलग, कुठं टोक नाही, कुठं पीळ नाही. मी जणू सांधलंच नव्हतं, अन् बाईंच्या त्या वीतभर शेपटातूनच पुढचा सगळा ताणा निघाला होता. माझ्या बोटांले पिळून पिळून पडलेल्या चिरा मात्र अजून दुखत होत्या.

मनाले म्हटलं, हात चांगला बसला असेल, गाठी बारीक आल्या असतील. "पाहा, अन् तुझ्या आईले चाळणी म्हणतात," मी म्हटलं. उर्वशी हसली नाही. ती खड्ड्याकडं पाहून राहिली होती.

"पावड्या लई मऊ लागून राहिल्या," ती म्हणाली. "तू तेल दिलं का? अन् कापड गुंडाळलं का त्यांना?"

मी काहीच केलं नव्हतं. "हो," म्हटलं, अन् स्वयंपाकघरात जाऊन फोडणी टाकली.

४

आमच्या मागाले ताणा गुंडाळायचं लाकूड नाही. ताणा समोरच्या भिंतीपर्यंत ओढून उरलेला गठ्ठा खुंटीले टांगतो, अन् विणणं पुढं सरकलं की त्यातून थोडा थोडा सोडतो. नवा असते तेव्हा गठ्ठा भोपळ्याएवढा. चौथ्या लुगड्याले त्याचं लिंबू होते.

वीस जूनले चौथं लुगडं उतरलं. गठ्ठा भोपळ्याएवढाच होता.

आता माणूस आधी स्वतःलेच येडं समजते. मले वाटलं मी ताणा लांब लावला. पण सूत मी स्वतः आणलेलं, चार लुगड्यांच्या वर एक वीतही निघणार नाही इतकंच. मग मी एक केलं. गठ्ठ्याच्या तोंडाशी ताण्यात लाल दोरा अडकवला. उर्वशी विणत गेली तसा दोरा पुढं आला, दोन दिवसांत फणीपाशी पोचला, अन् तिसऱ्या दिवशी कापडात विणला गेला. म्हणजे ताणा सरकत होता. गठ्ठ्यातूनच निघत होता. अन् गठ्ठा जसाच्या तसा.

"उर्वशी, उठ आता," मी म्हटलं. "चार झाली. बॅग भर."

"लावलेला ताणा मधात टाकून उठत नाही, आई. मोठीआईनं पहिल्या दिवशी तेच शिकवलं." तिनं वर पाहिलंही नाही. "संपतच आला."

ती पहाटे बसायची ती पाच वाजेपर्यंत. जेवायले हाक मारली की यायची, चार घास खायची, अन् खाताना तिची टाच फरशीवर वर-खाली व्हायची. चप्पल कुठं आहे विचारलं तर सांगता यायचं नाही. पाय सुजले होते. मी तेल चोळायले गेली तर तिनं पाय ओढून घेतले.

स्वयंपाकघरात बसून मी ठोके ऐकायची. पोरीचा ठोका मले ठाऊक आहे, सरळ, एकसारखा, शाळेच्या पोरीसारखा. हे तसं नव्हतं. एक जोरात अन् त्याच्या मागं एक हलका. एक जोरात, एक हलका. वीस वर्षं मी या ठोक्यावर भाकरी थापल्या होत्या. त्या दुपारी माझी भाकरी तव्यावर जळली अन् मले वास आला नाही.

५

सत्तावीस तारखेले उत्तमभाऊ आले. नवी लुगडी पाहायची म्हणे. सत्तरीचं माणूस, सगळा जन्म मागावर गेलेला. मी घडी समोर ठेवली. त्यांनी कापड चिमटीत धरलं, ओढलं, कानाजवळ नेऊन टिचकी मारली. मग हळूच खाली ठेवलं.

"हे कोणं विणलं?"

"उर्वशीनं."

"वयनी, अंबाबाईचं शेपूट नदीत सोडलं होतं ना तुमी?"

मी चहा गाळत होती. गाळणी बाजूले ठेवली. "सांधलं," मी म्हटलं. "घाई होती, भाऊ."

त्यांनी कपाले हात लावला नाही. उठले. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "पोरीले उठवा."

"उठत नाही ती."

"मंग कापून टाका."

"काय कापू?"

"ताणा कापा म्हणतो!"

कोष्ट्याच्या तोंडून लावलेला ताणा कापा, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरात मयत पडली होती तेव्हा या माणसानं आधी उरलेलं लुगडं उतरवलं, मग तिरडी बांधायले गेला. माझा जीव खरा तिथं घाबरला. तोवर मी स्वतःले समजावत होती, मोजमाप चुकलं म्हणत होती, उन्हाळा म्हणत होती, पोरीचं डोकं म्हणत होती. आता समजवायले काही उरलं नाही.

अन् तेवढ्यात आतल्या खोलीतला ठोका थांबला. आम्ही दोघंही तिकडं पाहून राहिलो. उत्तमभाऊ निघून गेले.

६

मी आत गेली. दुपारचे तीन वाजले असतील. वीज गेली होती, खिडकीतून उजेड फक्त ताण्यावर पडला होता. उर्वशी काठावर बसली होती, दोन्ही हात मांडीत. धोटा कापडावर ठेवलेला. डोळे उघडे, पण पाहणं कुठंच नाही.

हात थांबले होते. पावड्या थांबल्या नव्हत्या. डावी, उजवी. डावी, उजवी. वर धागे उघडत होते, मिटत होते, मधातून काही जात नव्हतं.

"उर्वशी!"

ती दचकली. तिच्या मांडीवरची कांडी घरंगळून खड्ड्यात पडली. "काढून दे ना आई," ती म्हणाली, झोपेतून बोलल्यासारखी.

मी मोबाइलची बॅटरी लावली अन् खड्ड्याच्या बाजूनं जमिनीवर पालथी झाली. आधी कांडी दिसली, कोपऱ्यात. मग पावड्या. मग पोरीचे पाय, सुजलेले, घोट्यापाशी काळा दोरा बांधलेला. तिचे तळपाय पावड्यांवर नव्हते. पावड्या त्यांच्या चार बोटं खाली होत्या. मधात दुसरे पाय होते. म्हाताऱ्या बाईचे, रुंद, टाचांले भेगा. पोरीचे पाय आपल्यावर नीट तोलून धरले होते, अन् डावा-उजवा चालवत होते.

घोट्याच्या वर मी बॅटरी नेली नाही. माझ्यानं नेववली नाही. कोणी मले भित्री म्हणो.

कांडी मी तिथंच राहू दिली. दुसरी भरून पोरीच्या हातात दिली, अन् न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून बसली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वशी आंघोळीले गेली तशी मी कात्री घेतली. ताण्याच्या डाव्या काठाचे दहा-बारा धागे धरले अन् कापले.

न्हाणीतून किंकाळी आली. धावत गेली तर पोरगी ओल्या फरशीवर पडलेली, डाव्या पायाची पोटरी दोन्ही हातांनी धरून. "वात आला, आई. तुटली नस, तुटली!" पोटरी दगडासारखी झाली होती. मी चोळली, गरम पाणी टाकलं. उतरलं नाही. मग मी तिले तशीच ठेवून खोलीत गेली, राख घेतली, अन् ते दहा-बारा धागे सांधले. शेवटच्या धाग्याले पीळ बसला अन् तिकडून तिचा श्वास सुटल्याचा आवाज आला. मी सांधलेल्या जागी पाहिलं. गाठी नव्हत्या.

तीस तारखेले सकाळी ती उठायच्या आधी मी खड्ड्यात जाऊन बसली.

"उठ आई, मला बसू दे."

"नाही उठत. सांधणं माझं होतं, मी संपवीन."

"तुला नाही जमणार. तुझं कापड..."

"चाळणी तर चाळणी! ज्यानं सांधलं त्याचा ताणा असते. हे नाही शिकवलं का तुझ्या मोठीआईनं?" मी असं ओरडली की बाजूच्या घरातलं रेडिओचं गाणं बंद झालं.

ती रडली, भांडली, माझा दंड धरून ओढलं. मी काठ सोडला नाही. अन् मनात एकच घोकून राहिली होती, बाई, पोरीले सोडा. तिचं काही देणंघेणं नाही, चूक माझी. मी आहे ना. हलका हात आहे माझा, पण मी आहे.

खाली बराच वेळ काही नव्हतं. मग माझ्या दोन्ही पायांवर वजन आलं. माझे पाय कोणी आपल्यावर घेतले नाहीत. माझ्याच पायांवर कोणी पाय ठेवले, थंड, अन् पूर्ण भार टाकून. डावी पावडी दबली. मग उजवी.

तशी उर्वशीनं माझा दंड सोडला अन् आपली चप्पल शोधायले लागली. बाराच्या बसनं ती नागपूरले गेली. तिले सोडायले मी दारापर्यंतही गेली नाही.

८

जुलै गेला. मी विणत राहिली. संध्याकाळी पायांवर बोटांचे वण दिसायचे, मी पदरानं झाकायची. पोरीचा फोन रोज यायचा. वॉर्ड सांगायची, पेशंट सांगायची, मेसच्या वरणाले नावं ठेवायची. आवाज पहिल्यासारखा झाला होता. पायाची सूज उतरली म्हणाली. मी देवापुढं साखर ठेवली. एवढ्यासाठी जन्मभर बसायची पाळी आली तरी मी बसायले तयार होती.

"ताणा?" ती विचारायची.

"संपत आला."

पोळ्याच्या दिवशी माग बंद ठेवतात. मीही ठेवला. पुरण शिजायले टाकलं, पहिल्यांदा दुपारी अंग टाकलं. दोन वाजता फोन.

"आई, एक गंमत सांगू?" ती हसत होती, पण हसणं बरोबर नव्हतं. "मी वॉर्डात खुर्चीवर बसून औषधं लिहून राहिली होती. सगळ्या सिस्टर माझ्याकडं पाहून हसायले लागल्या. म्हणे, टेबलाखाली शिलाई मशीन ठेवली का? माझे पाय चालून राहिले होते, आई. मी थांबवून पाहिले. थांबत नाहीत. अजून चालूनच राहिले."

मी चुलीवरचं पुरण तसंच टाकून खड्ड्यात उतरली. फोन खांदा अन् कानात दाबून धरला. पाय पावडीवर टेकवले, वजन आलं, पहिला ठोका दिला.

"थांबले," ती म्हणाली. "कसे गं थांबले?"

त्यानंतर मी एक दिवस चुकवला नाही. ताप होता तेव्हाही नाही.

९

डोळे मात्र गेले. दोन्हीत मोतीबिंदू. आता धागा मले दिसत नाही, नुसता पांढरा धूर दिसते, त्यात हात आपले जात-येत असतात. काल अकरा वाजता मी फोन घेऊन फाटकापाशी उभी होती, तिथं आवाज नीट येते.

"आई, मी डॉक्टरांशी बोलली. सोमवारी तुझं ऑपरेशन. माझ्याच वॉर्डात राहशील. आठ दिवस मान खाली घालायची नाही."

आठ दिवस. मी म्हटलं, "दिवाळीनंतर पाहू."

"नाही. तो ताणाच आडवा येऊन राहिला ना? मी सुटी काढून येते अन् दोन दिवसांत संपवून देते. मग तुला घेऊनच जाते."

"संपला!" मी म्हटलं. "कालच संपला, उर्वशी. लुगडी उतरवली, फणी रिकामी केली. माग उभा आहे नुसता. कायले येते तू? मीच येते सोमवारी."

मले वाटलं रेंज गेली.

"आई, तू कुठं आहे?"

"फाटकात."

"घरात कोणी आलं का?"

"नाही. कोण येणार?"

"मग मागे माग कोण चालवून राहिलं?"

मी मागं वळली. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. मी फोनवर हात दाबला, पण आता दाबून काय होते. "बाजूले सुतार आला आहे," मी म्हटलं, "त्याचं ठोकणं आहे ते."

"मी कोष्ट्याची पोरगी आहे, आई," ती म्हणाली. "मी उद्या पहिल्या बसनं येते." अन् तिनं फोन ठेवला. मग मी वीस वेळा लावला. तिनं उचलला नाही.

आज पहाटेपासून मी खड्ड्यात बसली आहे. पावड्या हलत नाहीत. दोन्ही पायांनी दाबून पाहिल्या, उभी राहून अंगाचा भार टाकून पाहिला. जाम. पायांवर वजनही नाही. जून सरल्यापासून पहिल्यांदा या खड्ड्यात माझे पाय माझे आहेत, अन् मले ते नको आहेत. मी बोलून पाहिलं, हात जोडले, शिव्या दिल्या. म्हटलं, बाई, मी बसली आहे ना, मलेच ठेवा. खाली सगळं गप्प आहे. पाहुणा यायच्या आधी घर गप्प होते तसं.

पण मी काठ सोडणार नाही. ती आली तरी उठणार नाही. दोन्ही हातांनी मागाचा खुंट धरून ठेवला आहे. एका माणसाची जागा असते खड्ड्याच्या काठावर, ती मी अडवून बसली आहे. माझी पोरगी बसेल कुठं?

फाटकाची कडी वाजली. "आई?" तिचाच आवाज. चप्पल अंगणातच काढली तिनं.

अन् माझ्या उजव्या कुशीले कोणीतरी कोपर लावून, सवयीनं, मले थोडंसं सरकवलं अन् मधात तिच्यापुरती जागा केली.